कोपराखालचा कृत्रिम हात: सोलापूरच्या उन्हात, मोकळ्यावर वापरता येईल असा कसा करून घ्यावा

कृत्रिम हात करून घेताना पहिली चौकशी होते ती पंजाची. हूक घ्यायचा की बोटांचा हात? साधा की बॅटरीवरचा? सॉकेटचा, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या कवचाचा, विषय सगळ्यात शेवटी निघतो. मग हात तयार होतो, पंख्याखाली बसून घातला की छान बसतो, आणि हिप्परगा तलावाच्या बांधावर सकाळचे दहा वाजेपर्यंत घामाने निसटायला लागतो, नाहीतर कोपराच्या टोकावर सोलवटतो. यात हुकाचा दोष नसतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

कोपराखाली हात गेलेल्या प्रौढांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि असे हात बनवणाऱ्या तंत्रज्ञांसाठी हा लेख आहे. थ्रीडी प्रिंटरवर हात छापू पाहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी तर तो जरूर वाचावा, कारण पुढच्या चुकांपैकी निम्म्या तिथेच होतात. कोपराच्या वरून हात गेला असेल तर रचना वेगळी असते. ती इथे घेतलेली नाही.

१. आधी काम ठरवा

‘सगळं करता येईल असा हात द्या’ ही मागणी सर्वात महागात पडते. एक मुख्य काम ठरवा आणि त्याच्याशी जुळणारं एक दुय्यम. सायकल चालवणं, उजनीच्या काठावर गळ टाकून बसणं, नान्नजच्या माळावर दुर्बीण धरणं, नळदुर्गाच्या पायऱ्या चढणं, वारीत चालणं: यातलं प्रत्येक काम हाताकडून वेगळंच काहीतरी मागतं.

ठरलेल्या कामासाठी चार गोष्टी कागदावर लिहा:

- भार ढकलणारा आहे की ओढणारा? सायकलच्या हँडलवर शरीराचं वजन सॉकेटमार्गे उरलेल्या हाताच्या टोकावर येतं. पिशवी किंवा बादली धरली की तोच भार सॉकेट खाली ओढून काढू बघतो.
- कोपर किती वाकलेला असतो? दुर्बीण धरताना पुरता, सायकलवर थोडासा, चालताना जवळपास सरळ.
- सलग किती वेळ हात घालून ठेवायचा आहे?
- पाणी, चिखल, धूळ यांतलं काय लागणार?

पहिल्या उत्तरावरून हात कशाने अडकवायचा ते ठरतं, दुसऱ्यावरून सॉकेटची वरची कड. म्हणून हा कागद मापाच्या दिवशी सोबत न्या.

बॅटरीवरच्या, स्नायूंच्या संकेतावर चालणाऱ्या हाताबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घरात आणि ऑफिसात तो चांगला, मोकळ्यावर नाही. घामाने सॉकेट सरकलं की त्वचेवरून संकेत टिपणारे आतले इलेक्ट्रोड जागा सोडतात आणि हात भलत्या वेळी उघडतो किंवा मिटतो. बहुतेक मॉडेलांना पाणी आणि धूळ सोसत नाही. बाहेरच्या कामाला खांद्याच्या पट्ट्याने ओढला जाणारा हूक, किंवा एकाच कामापुरतं बनवलेलं स्थिर साधन घ्यावं.

२. उरलेला हात तपासा

दवाखान्यात याला स्टंप म्हणतात. पुढे तोच शब्द वापरू.

यंत्रमागात, उसाच्या चरकात किंवा मळणी यंत्रात गेलेल्या हातावर अनेकदा त्वचारोपण झालेलं असतं, व्रण हाडाला चिकटलेले असतात. अशी त्वचा घासणं सहन करत नाही, दाब मात्र काही प्रमाणात सोसते. ती कुठून कुठपर्यंत आहे ते पेनाने आखून घ्या. मग स्टंपवर बोटाने हलकेच टकटक करत जा. एखाद्या जागी विजेचा झटका बसल्यासारखी कळ आली तर तिथे नसेची गाठ असू शकते. ती जागा मापात दाखवावीच लागते. गाठ फार दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग सॉकेट.

आता सूज. सलग पाच दिवस सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी स्टंपचा घेर मोजा. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून दर ३ सेंटीमीटरवर खूण करा आणि शिंप्याचा टेप न आवळता धरा. सकाळ-संध्याकाळचा फरक ५ मिलिमीटरपेक्षा जास्त येत असेल तर मापाची घाई करू नका. क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकारात बांधा, टोकाला घट्ट आणि कोपराकडे सैल होत जाईल असं, आणि आठवड्याने पुन्हा मोजा.

इशारा: क्रेप बँडेज गोल गोल गुंडाळलं की मधेच गळफास बसतो आणि टोक फुगतं. फुगलेल्या टोकावर घेतलेलं माप पंधरा दिवसांत निकामी होतं.

चांगल्या हाताचंही एक माप घ्या: कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत. हुकाचं टोक साधारण तिथे यायला हवं. स्थिर साधन लावायचं असेल तर हात थोडा आखूड चालतो. आखूड हात हलका वाटतो, कारण वजन कोपराच्या जवळ राहतं.

३. साचा घेणं

सर्वात जास्त नुकसान याच पायरीवर होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

साचा कधी घ्यावा? बहुतेक ठिकाणी सकाळच्या नंबरात, ताज्या, सूज नसलेल्या हातावर घेतला जातो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारपर्यंत स्टंप फुगतो. सकाळच्या मापाचं सॉकेट दुपारी आवळतं, आणि आवळणाऱ्या सॉकेटवर जागेवर काहीच उपाय नसतो. सैल झालेल्या सॉकेटमध्ये स्टंपवर एक मोजा जास्त घालता येतो. म्हणून साचा दुपारनंतर, अर्धा तास चालून आल्यावर घ्या.

लागणारं सामान: १० सेंटीमीटर रुंदीचे पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) बँडेजचे दोन रोल, पातळ नायलॉनचा मोजा, ओल्यावर उमटणारी कॉपी पेन्सिल, कात्री, बादली आणि मापाचा टेप.

क्रम असा:

(क) मोजा ओढून बसवा, सुरकुती राहू देऊ नका. 
(ख) कोपराचं टोक, कोपराच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे, कोपराची आतली घडी, स्टंपमधल्या दोन्ही हाडांची टोकं, व्रण आणि दुखरी जागा पेन्सिलने आखा. खुणा ओल्या बँडेजवर उलट्या उमटतात आणि पुढे साच्यावर येतात. 
(ग) कोपर साधारण काटकोनात ठेवून बँडेज गुंडाळा. ताणून नको, नुसतं ठेवत जायचं. 
(घ) ओलं असतानाच कोपराच्या उंचवट्यांच्या अगदी वर दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटांनी चिमटा धरा आणि पीओपी घट्ट होईपर्यंत सोडू नका. सॉकेट पुढे इथेच पकड घेणार आहे. 
(च) पाच-सात मिनिटं हात हलवायचा नाही, बोलताना खांदाही उडवायचा नाही.

इशारा: उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चांगलंच तापलेलं असतं. गरम पाण्यात पीओपी झपाट्याने घट्ट होतं, चिमटा धरायला वेळ मिळत नाही, आणि घट्ट होताना ते स्वतःही तापतं. जाड थरात त्वचा भाजू शकते. पाणी आदल्या रात्री बादलीत भरून सावलीत ठेवा.

तपासा: साचा काढल्यावर आत बघा. खुणा पुसट असतील, किंवा चिमट्याच्या जागी खोलगट ठसा नसेल, तर तो साचा फेका. दोन रोल वाचवण्यापायी पुढचा महिना वाया जातो.

साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती तयार होते आणि तीवर काम सुरू होतं. हाडांच्या जागांवर ३ ते ५ मिलिमीटर प्लास्टर चढवायचं, म्हणजे सॉकेटमध्ये तिथे पोकळी राहते. मांसल भागावरून थोडं खरवडायचं, म्हणजे तिथे दाब येतो. नवशिक्या तंत्रज्ञाची ठरलेली चूक म्हणजे सगळीकडून सारखंच खरवडणं. तसं सॉकेट घट्ट बसतं खरं, पण सगळा भार हाडांवर घेतं. थ्रीडी स्कॅनवरून काम करणारे हेच संगणकावर करतात, अख्खी आकृती ‘९७ टक्के’ करून टाकतात. त्यांच्याही हाताला तसंच सोलवटतं.

४. पारदर्शक चाचणी सॉकेट

थेट पक्कं सॉकेट करून घेऊ नका. आधी पारदर्शक पीईटीजी प्लास्टिकच्या शीटचं चाचणी सॉकेट घ्या. ते घातल्यावर आतली त्वचा दिसते, आणि दाब कुठे जास्त आहे हे विचारावं लागत नाही: तिथली त्वचा पांढरी पडते.

एका मागोमाग या चाचण्या करा:

- कोपर पूर्ण वाकवा, पूर्ण सरळ करा. आतल्या घडीत कड रुतते का? रुतत असेल तर कड खाली उतरवा, पण उंचवट्यांवरची पकड कापू नका.
- सॉकेटच्या कडेला त्वचेवर पेनाने रेघ मारा. बादली अडकवून २, मग ५, मग ८ लिटर पाणी भरा. लिटरला एक किलो. रेघ एक सेंटीमीटरपेक्षा जास्त उघडी पडली तर पकड कमी आहे.
- टेबलावर हात टेकवून वजन द्या. टोकाला कळ आली तर स्टंप तळाला आपटतोय. तळ खोल करण्याआधी एक मोजा वाढवून बघा. सॉकेट सैल असलं तरी हेच होतं.
- हे सगळं अर्धा तास उन्हात चालून आल्यावर पुन्हा करा. एसी खोलीतल्या चाचणीला अर्थ नाही.

सायकलसाठी हात असेल तर सायकलच वर्कशॉपमध्ये न्या. सीटवर बसून, हँडलवर हात ठेवून, सॉकेट आणि मनगट (हूक जिथे बसतो ती जोडणी) यांचा कोन तिथेच ठरवा आणि तात्पुरता चिकटवा. खुर्चीत बसून ठरवलेला कोन हँडलवर कधीच बरोबर येत नाही.

इशारा: चाचणी सॉकेट घालून सायकल रस्त्यावर काढू नका. ते तडकतं.

५. अस्तर, घाम आणि पक्कं सॉकेट

पर्याय मुख्यतः दोन. सिलिकॉनचा लायनर, ज्याच्या टोकाची पिन सॉकेटमध्ये लॉक होते. किंवा सुती मोजा आणि उंचवट्यांवर पकडणारं सॉकेट. लायनर दाब छान पसरवतो आणि ओढणारा भार सोसतो, पण हवा जाऊ देत नाही. मे महिन्यात तासाभराने त्यात पाणी साचतं. आमची निवड अशी: भरपूर त्वचारोपण असेल किंवा वजन उचलायचं असेल तर लायनर, आणि दर तासाला काढून पुसायची तयारी. बाकी सगळ्यांना सुती मोजा.

मोजे किमान सहा ठेवा, वेगवेगळ्या जाडीचे. शिवण टोकावर येणारा मोजा घेऊ नका. आणि सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी त्याचा मोजा शिवू नका. उभे धागे दाबाखाली त्वचेत रुततात आणि घाम धरून ठेवतात. पुसायला मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही, छोटा नॅपकिन खिशात हवाच.

पक्कं सॉकेट काळ्या कार्बन फायबरचं भारी दिसतं म्हणून अनेक जण मागतात. काळा पृष्ठभाग उन्हात तापतो. ग्लास फायबर आणि नायलॉनच्या जाळीवर रेझिन, रंग पांढरा किंवा फिकट, एवढं पुरे. सॉकेटला हवेची भोकं करायची तर ३ ते ५ मिलिमीटरची, फक्त मांसल भागावर, कडा घासून गोल केलेली. मोठ्या भोकातून त्वचा बाहेर फुगते आणि भोवती कडं उमटतं.

छापील हातांबद्दल: पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते तापमान सहज गाठलं जातं. हात वाकडा झालेला दिसत नाही, पण घातल्यावर चावतो. सॉकेटचा कुठलाही भाग पीएलएमध्ये छापू नका. पीईटीजी किंवा नायलॉन वापरा.

तपासा: मनगटाला अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २० आटे असलेली जोडणी आहे ना? हूक आणि बाहेरच्या बहुतेक साधनांचा बोल्ट याच मापाचा असतो. वेगळ्या मापाची जोडणी घेतली की पुढचं प्रत्येक साधन खास बनवून घ्यावं लागतं.

६. पट्टा आणि केबल

उंचवट्यांवर पकडणाऱ्या सॉकेटला फक्त हूक उघडणारी केबल ओढण्यापुरता, नऊच्या आकाराचा पट्टा चालतो. वजन उचलायचं असेल तर आठच्या आकाराचा. पट्टा २५ मिलिमीटर रुंद विणीचा घ्या. चामडं घाम पिऊन कडक होतं आणि फुटतं. पाठीवरचा छेद, म्हणजे पट्टे एकमेकांवरून जातात ती जागा, मानेच्या मोठ्या मणक्याच्या खाली, चांगल्या हाताच्या बाजूला थोडा सरकलेला हवा. चांगल्या हाताच्या काखेतला फास मऊ वेष्टनात असू द्या. तिथे मुंग्या येत असतील तर पट्टा सहन करत बसू नका, नस दाबली जातेय.

पट्टा बसवायच्या दिवशी पाठीवरची सॅक भरून सोबत न्या. ही गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. सॅकचा पट्टा कृत्रिम हाताच्या पट्ट्यावर बसला की प्रत्येक पावलाला केबल ओढली जाते आणि हूक आपोआप उघडतो; काठी, पाण्याची बाटली सगळं खाली. छेद सॅकच्या वर येईल असा बसवा, नाहीतर सॅक एका बाजूची घ्या.

केबल किती जोर खाते ते ताणकाट्याने (स्प्रिंगच्या काट्याने) मोजा. हूक थेट ओढून उघडायला किती किलो लागतात ते बघा, मग केबलच्या खांद्याकडच्या टोकाने ओढून बघा. समजा हुकाशी ३ किलो आणि केबलमधून ४ किलो लागले, तर ७५ टक्केच जोर पोहोचतोय. कोपराखालच्या हाताला ८० टक्के तरी हवेत. कमी असेल तर केबलच्या नळीत कुठेतरी तीव्र वाकण आहे किंवा टोक घासतंय. तेल घालू नका: आपल्याकडच्या धुळीत तेलाची पेस्ट होते. कोरड्या कापडाने पुसा.

हुकाची पकड रबर बँडांवर असते, एकाने साधारण अर्धा किलो. सुरुवातीला दोन पुरेत. जास्त बँड म्हणजे जास्त पकड, आणि तेवढाच जास्त थकणारा खांदा.

७. आता हूक

ॲल्युमिनियमचा हूक ११०-१२० ग्रॅमचा असतो, पोलादी त्याच्या जवळपास दुप्पट. टोकाचे शंभर ग्रॅम कोपराला फार जड वाटतात. दगडमातीत काम नसेल तर ॲल्युमिनियम घ्या.

सायकलसाठी हूक हँडलवर अडकवू नका. पुढून उघडी असलेली वाटी किंवा खाच घ्या, जिच्यात हँडल नुसतं बसतं. पडताना हात हँडलला अडकून राहिला तर खांदा निखळू शकतो.

तपासा: कोणाला तरी सायकल धरायला सांगा, दोन्ही बाजूंना तिरकी करा. चांगल्या हाताची मदत न घेता, एका झटक्यात हात सुटला पाहिजे. दहापैकी दहा वेळा.

ब्रेक दोन्ही चांगल्या हाताकडे घ्या, दोन केबल ओढणाऱ्या एका लिव्हरवर, आणि मागचा आधी लागेल असा ताण ठेवा. रॉडचे ब्रेक असलेल्या जुन्या सायकलला हे करता येत नाही.

गळासाठी काठीचं बूड आत जाईल अशी नळी आणि वर एक पट्टी पुरते. दुर्बिणीला हूक लागतच नाही, सॉकेटवर गादी लावलेला खोलगट आधार पुरे. चालायच्या काठीलाही सायकलचाच नियम: घसरलात तर सुटली पाहिजे.

८. सवय आणि उन्हातली चाचणी

पहिले दोन दिवस अर्धा-अर्धा तास, दिवसातून दोनदा. मग रोज अर्धा तास वाढवा. प्रत्येक वेळी काढल्यावर आरशात मागची बाजूही बघा. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर त्या दिवशी पुन्हा घालू नका.

लाली कुठे आहे यावरून कारण कळतं. टोकाला असेल तर सॉकेट सैल आहे, मोजा वाढवा. कोपराच्या मागच्या टोकावर असेल तर तिथे पोकळी कमी पडतेय. कडेभोवती गोल असेल तर कड धारदार आहे किंवा स्टंप फुगलाय. एकाच बाजूला लांबट पट्टा असेल तर मनगटाचा कोन चुकलाय, सॉकेट खरवडू नका.

पहिली बाहेरची फेरी घरापासून किलोमीटरभरच, उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत. सोबत दोन कोरडे मोजे, नॅपकिन, दोन रबर बँड, एक जादा केबल, ॲलन की. ओला मोजा घालून पुढे चालत राहणं ही फोड येण्याची सर्वात खात्रीची वाट.

रोज रात्री मोजा आणि सॉकेटची आतली बाजू सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. खारट घाम आटे आणि केबल खातो, म्हणून मनगट आठवड्यातून एकदा सोडवून पुसा. रबर बँड उन्हाळा संपला की बदला. फोड, पू किंवा न जाणारी सूज दिसली तर हात बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

नोंदणीकृत प्रोस्थेटिस्टशिवाय (कृत्रिम अवयव बनवणाऱ्या तज्ज्ञाशिवाय) साचा देऊ नका. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. सरकारी मदत हवी असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधी काढा. गुंतागुंतीच्या स्टंपसाठी मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र ही ठिकाणं आहेत.

वर्षा-दोन वर्षांत स्टंप बारीक होतो. सकाळी घालतानाच जाड मोजे एकावर एक चढवावे लागत असतील तर नवा साचा घ्या. बदलायचं फक्त सॉकेट. हूक, मनगट आणि पट्टा सुस्थितीत असतील तर तेच त्यावर चढतात.